पाटीवरचा नववा टूमी

शनिवारी दुपारी तीनला टूमी घराण्याच्या नामवंतांच्या पाटीवरचा पडदा सरकायचा होता, आणि सकाळचे आठ वाजले तरी पाटीवरचा नववा टूमी कोणाच्या घरचा याचा पत्ता नव्हता. ॲबी बेकन तळता तळता तव्याशी भांडत होती, कारण भांडायला भाऊ घरात नव्हता. डिनी पहाटेच गावच्या हॉलवर गेला होता, पाटीची राखण करायला. पोस्टवाल्या शाखेचे भाऊबंद कधीही येऊन छिन्नी चालवतील, असं घराण्याच्या ईस्टरच्या बैठकीपासून त्याचं ठाम मत झालं होतं.

टेबलाशी मार्लीन बसली होती. अमेरिकेतल्या ब्यूट गावची, बासष्ट वर्षांची, जन्मभर शाळेची बस चालवलेली. गुरुवारी आली आणि दोन दिवसांत मांजरासकट सगळ्या घराची मैत्रीण झाली.

"चहा घेणार?" ॲबीने विचारलं.

"घेणार की!"

ॲबीचा हात किटलीवर थबकला. तिसरा दिवस होता, तरी तिला याची सवय होत नव्हती. इथे किलवारा गावात चहा विचारला की माणूस आधी म्हणतो, नको नको. मग पुन्हा विचारायचं, तेव्हा म्हणतो, उगाच तुला त्रास. मग तिसऱ्यांदा विचारायचं, तेव्हा कुठे तो खुर्ची पुढे ओढत म्हणतो, बरं, तू म्हणतेसच तर अर्धा कप. आणि तीन कप पितो. पहिल्याच हाकेला हो म्हणणारी ही बाई एक तर अगदी निर्मळ मनाची असावी, नाहीतर तिला घरात कुणी वळण लावलेलं नसावं. पाहुणी होती म्हणून ॲबीने पहिलंच खरं धरलं.

"आज पडदा सरकवून झाला की मला दोन शब्द बोलायचेत ना," मार्लीन म्हणाली, "मी आजोबांची शेवंडीची गोष्ट सांगणार आहे. तुम्हाला ती तोंडपाठ असेल म्हणा."

"कुठली शेवंडीची गोष्ट?"

"अगं, तीच! गलबताची!"

ॲबीने तवा बाजूला घ्यायला हवा होता, तो घेतला नाही.

आता ही गोष्ट समजायची तर चार कॉन, म्हणजे चार कॉर्नेलियस, लक्षात ठेवायला हवेत. किलवाऱ्यात दर तिसरं माणूस टूमी, त्यामुळे आडनावाचा कुणाला काडीचा उपयोग नाही. काम भागतं ते शाखेच्या नावावर. ॲबी आणि डिनी भट्टीवाले, कारण त्यांच्या घराण्याची लोहाराची भट्टी होती. टपाल कचेरी चालवणारे ते पोस्टवाले. केसांच्या रंगावरून तांबडे. आणि वर माळावर दगड वेचत दिवस काढणारे टेकडीवाले. त्यांचं आता गावात कुणीच उरलं नव्हतं, आणि म्हणूनच पडदा ओढायचा मान त्यांच्या अमेरिकेतल्या नातीला, मार्लीनला मिळाला होता. कशावरच दावा नसलेली ती एकच शाखा.

या चारही शाखा एकाच म्हाताऱ्या कॉर्नेलियसच्या चार मुलांच्या. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं ही इथली रीत, आणि ती मोडायची कुणाची छाती नाही. त्यामुळे १९११ साली गावात विशी-पंचविशीचे चार कॉर्नेलियस टूमी एकाच वेळी हिंडत होते. कुणी 'कॉन!' अशी हाक मारली की चार दारं उघडायची.

त्या सप्टेंबरात दाट धुक्यात नॉर्वेचं 'हुल्डा' नावाचं गलबत खडकावर फुटलं. एका माणसाने एकट्याने, छोट्याशा होडीतून तीन खेपा करून अकरा खलाशी किनाऱ्याला आणले. नाव विचारल्यावर त्याने 'कॉन टूमी, किलवारा' एवढंच सांगितलं आणि धुक्यात दिसेनासा झाला. दोन महिन्यांनी नॉर्वेहून पदक आलं. सोबत कप्तानाचं पत्र.

पोस्टवाल्यांच्या कॉनने पाकीट उघडलं, म्हणाला, हे माझं नाही, आणि भट्टीवर पोचवलं. भट्टीवाल्यांचा कॉन म्हणाला, मी कुठे काय केलं? आणि परत पाठवलं. असं ते पदक सात वेळा गावातून इकडून तिकडे गेलं. तांबड्यांचा कॉन तेव्हा पाद्री व्हायला कॉर्क शहरात होता. टेकडीवाल्यांचा कॉन सप्टेंबरातच कुणाला न सांगता अमेरिकेला पळाला होता, आणि त्याच्या हातून काही चांगलं घडलं असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. शेवटी एकदा पुरात पूल वाहून गेला, तेव्हा पदक भट्टीच्या बाजूला होतं, ते तिथेच राहिलं. दोघे कॉन मरेपर्यंत सांगत राहिले, मी काही केलं नाही. आणि दोन्ही घरची पोरंबाळं डोळे पुसत म्हणत राहिली, बघा, केवढा हा विनय!

तेव्हापासून ब्याण्णव वर्षं दोन घरांतून विस्तव जात नव्हता. त्याआधी हे दोघे कॉन शेवंडी पकडण्याच्या धंद्यात भागीदार होते म्हणे. ती भागीदारीही त्याच सप्टेंबरात मोडली होती. पिंजऱ्यांवरून काहीतरी झालं, एवढंच लोकांना आठवत होतं.

"आजोबांकडे स्वतःचा एकही पिंजरा नव्हता, नुसती होडी," मार्लीन पावाला लोणी लावत सांगू लागली. "म्हणून धुकं पडलं की ते चुलतभावांचे पिंजरे उपसायला जायचे. धुक्यात कोण बघतंय! त्या दिवशी चोवीस शेवंडी काढल्या, आणि एवढ्यात खडकाकडून आरडाओरडा ऐकू आला. मग काय करतात? गेले. शेवटच्या खेपेला ती सगळी माणसं किनाऱ्यावर कुडकुडत बसलेली. आजोबांनी जाळ केला, होडीतलं पाणी उपसायची बादली वर ठेवली, आणि चोवीसच्या चोवीस शेवंडी उकडून त्यांना खाऊ घातल्या. म्हणायचे, माणसंही वाचली आणि पुरावाही पचला! पण नंतर घाबरले गं. एवढ्या पहाटे तू समुद्रात काय करत होतास, असं कुणी विचारलं तर? आठवड्याच्या आत बोटीत बसले. दर नाताळला सांगायचे आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा."

तव्यातून धूर निघाला. ॲबीने फडताळावरून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत पदक, आणि पदकाखाली चार घड्या पडलेलं पत्र. इंग्रजी केलेली शेवटची ओळ तिला पाठ होती, तरी तिने चष्मा लावून ती वाचली: 'आणि त्या न्याहारीबद्दल विशेष आभार, तशी न्याहारी आम्हाला जन्मात पुन्हा मिळायची नाही.' भट्टीवाले म्हणायचे, आमच्या पणजीचा पाव. पोस्टवाले म्हणायचे, आमच्या पणजीचा. पावावर दोनदा मारामारी झाली होती.

ॲबी खाली बसली. ती दहा वर्षांची असताना आजोबांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, "पोरी, मी त्या सकाळी अंथरुणात होतो गं." तिने त्यांच्या गालाची पापी घेतली होती आणि मनात म्हटलं होतं, संत आहेत हे. बिचारा माणूस आयुष्यभर खरं बोलला आणि सख्ख्या नातीनेही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. पाहुणीसमोर नको म्हणून तिने दोन्ही गिळलं.

कारण या पदकापायी तिचं काय गेलं होतं, ते गावात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ती, आणि दुसरा पोस्टवाल्यांचा मॉर्टी.

१९६१ साली ॲबी तेवीस वर्षांची होती आणि मॉर्टीशी तिचं सगळं ठरलं होतं. तिच्या वडिलांनी ऐकलं आणि टेबलावर मूठ आपटली: "ज्या घराने आमच्या म्हाताऱ्याचं श्रेय लाटलं, त्या घरात माझी पोरगी चहासुद्धा पिणार नाही!" दुसऱ्या दिवशी मॉर्टी फाटकापाशी आला, टोपी हातात धरून म्हणाला, "तरीही करू या का आपण लग्न?" ॲबी म्हणाली, "नको." कुठलीही घरंदाज मुलगी पहिल्यांदा म्हणेल तसं म्हणाली, आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभी राहिली. मॉर्टीने टोपी डोक्यावर घातली आणि तो निघून गेला. चहाची रीत त्याला पक्की ठाऊक होती. लग्नालाही ती लागू असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बेचाळीस वर्षं तो चर्चमध्ये डाव्या बाकावर बसत आला आणि ती उजव्या. त्यानेही लग्न केलं नाही, तिनेही नाही.

"मी काही चुकीचं बोलले का गं?" मार्लीनने विचारलं.

"नाही. पण ही गोष्ट तीन वाजता सांगू नकोस."

"का?"

"तीनपर्यंत फार उशीर होईल," ॲबी म्हणाली आणि डबा काखोटीला मारला. "ऊठ. कोट घाल."

*

हॉलमध्ये तीनशे तोंडांना पुरतील एवढी सँडविचची ताटं लावून झाली होती आणि भांडणही रंगात आलं होतं.

भिंतीला टेकून काळ्या दगडाची पाटी उभी होती, पुरुषभर उंचीची. तिच्यावर घराण्याचे आठ नामवंत कोरून झाले होते, प्रत्येकाच्या नावापुढे कंसात शाखा. त्यांतले बरेच शाखा फुटण्याआधीचे, त्यामुळे कोण कुणाच्या वाट्याला यावरच दोन वर्षं गेली होती. खाली नववी ओळ: 'कॉर्नेलियस टूमी', आणि पुढे रिकामा कंस. कंसाच्या खाली हातभर जागा. पाथरवट क्रीडन उलट्या खोक्यावर बसून सँडविच खात होता. तो टूमी नव्हता, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानतो असं तो सकाळपासून दोनदा म्हणाला होता.

"भट्टीवाले!" डिनी गरजला. एवढा धिप्पाड माणूस, तोंड बीटासारखं लाल. "पदक कुणाच्या घरात आहे? आमच्या!"

"पूल वाहून गेला म्हणून आहे," मॉर्टी शांतपणे म्हणाला. तो काटकुळा, निवृत्त पोस्टमास्तर, रागावला की आवाज खाली यायचा. "नदीने दिलेला निकाल आहे तो."

दोघांच्या मध्ये तांबड्यांची पेग बसली होती. कमिटीची चिटणीस, मांडीवर वही आणि वहीवर विणकाम. "माझ्याकडे तांबड्यांची तेरा मतं आहेत," ती सुया न थांबवता म्हणाली. "ज्याला हवीत त्याने मदर इग्नेशियसपुढचं 'भट्टीवाले' काढून 'तांबडे' करावं. तिची आई आमच्या घरची होती."

"काढ!" डिनी म्हणाला.

"अरे, तुझीच ना ती?" मॉर्टीला राहवेना. "चिलीत अकरा शाळा काढल्या त्या बाईने, आणि तिला विकतोस?"

"विकत नाही. भाड्याने देतोय!"

"दगडावरचं काढता येत नाही," क्रीडन घास गिळून म्हणाला. "पेन्सिल नाही ती. आणि कंसात काय घालायचं ते बारापर्यंत सांगा, नाहीतर कंस असाच उघडा ठेवून मी घरी जातो. लोकांना वाटेल, नववा टूमी कुणालाच नको होता."

डिनीने ॲबीला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आणलंस पदक? शाबास, पोरी! दाखव यांना!"

ॲबीने डबा टेबलावर ठेवला, पण झाकणावर हात तसाच राहू दिला. भावाचा हा उजळलेला चेहरा तिला फार प्रिय होता. गेल्या हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखलं तेव्हा दवाखान्याच्या गाडीतही तो शेजारच्या परिचारिकेला पदकाची गोष्ट सांगत होता. आता आपण जे करणार त्याने हा चेहरा पडणार, हे तिला दिसत होतं. पण गप्प बसलो तर कंसात कुणाचं तरी नाव कोरलं जाईल, आणि मग हे भांडण दगडावर जाऊन बसेल. मग ते मोडायला कुणी उरणार नाही.

"डिनी," ती म्हणाली, "आजोबा त्या दिवसाबद्दल काय सांगायचे?"

"आपले आजोबा?" डिनीने छाती पुढे काढली. "सांगायचे, मी काही केलं नाही, मी अंथरुणात होतो! असा तो विनय!"

"आणि मॉर्टी, तुझे?"

बेचाळीस वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. मॉर्टी टोपी चाचपू लागला. "माझे... माझे म्हणायचे, मी टपालाच्या थैल्या मोजत होतो. मरतानासुद्धा तेच. इतका साधा माणूस."

"आणि दोघेही खरं बोलत असतील तर?"

पेगच्या सुया पहिल्यांदा थांबल्या.

"मार्लीन, सांग तुझी गोष्ट," ॲबी म्हणाली.

मार्लीनने सांगितली. नाताळच्या जेवणानंतर सांगतात तशीच सांगितली, हातवारे करून, बादलीसकट. सांगून झाल्यावर ॲबीने पत्र उघडून न्याहारीची ओळ मोठ्याने वाचली. मार्लीन हसत सगळ्यांकडे बघत राहिली, कारण ब्यूटमध्ये या जागेला लोक टाळ्या वाजवायचे.

डिनी मटकन खुर्चीत बसला. त्याच्या तोंडचा रंग उडाला, आणि ॲबी पाण्याचा पेला घेऊन धावली. पण पेला पोचायच्या आत रंग परत आला, दुप्पट आला.

"चोवीस?" तो म्हणाला. "चोवीस शेवंडी?"

"चोवीस," मार्लीन आनंदाने म्हणाली.

"आमच्या पिंजऱ्यांतून?"

"आपल्या म्हण," मॉर्टीचा आवाज जवळजवळ ऐकूच येईना, इतका खाली गेला होता. "निम्मे पिंजरे आमचे होते. म्हणजे माझ्या आजोबांना वाटलं तुझ्या आजोबांनी उपसले..."

"आणि माझ्यांना वाटलं तुझ्यांनी! येशू, मेरी आणि जोसेफ! मॉर्टी, या चोरट्याने आपल्याला लुटलं रे!"

"दिवसाढवळ्या!"

"धुक्यात," मार्लीनने दुरुस्त केलं.

ब्याण्णव वर्षांत जे बिशपला जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. भट्टीवाला आणि पोस्टवाला खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि एका आवाजात टेकडीवाल्यांचा उद्धार करू लागले. पदक कुणाचं, हे दोघेही साफ विसरले होते. पदकाचं काय एवढं, ते नॉर्वेचं. शेवंडी घरच्या होत्या.

"असल्या माणसाचं नाव पाटीवर?" डिनीने टेबलावर मूठ आपटली. थेट वडिलांची मूठ. "माझ्या प्रेतावरून!"

"आमची तेरा मतं टेकडीवाल्यांना," पेग म्हणाली. वारा फिरला की शीड फिरवायला तिला कधी उशीर झाला नव्हता.

"चोराला?"

मग ॲबी उठली आणि पाटीपाशी जाऊन उभी राहिली. "डिनी, ही आठ नावं एकदा नीट वाच. मठाधीश मालाकी. शिपाई आले तेव्हा मठाची घंटा दलदलीत पुरली, आणि कुठे पुरली ते स्वतःच विसरला. अजून सापडली नाही. जनरल डरमॉट. आधी स्पेनकडून लढला, मग ऑस्ट्रियाकडून, मग पुन्हा स्पेनकडून."

"पगार वेळेवर मिळत नव्हता त्याला," पेग म्हणाली. जनरल तांबड्यांच्या वाट्याला आला होता.

"डॉक्टर हंफ्री, शेवाळाचे पंडित. नवं शेवाळ शोधून काढलं, त्याला आपलं नाव दिलं, आणि ते आधीच कुणीतरी शोधलेलं निघालं. खासदार मायकल, एकोणीस वर्षं संसदेत. एकदाच बोलला, तेही दुसऱ्याची पाळी असताना. मुष्टियोद्धा मट टूमी, एकावन्न फेऱ्या लढला आणि हरला. आणि हे आपले नामवंत! या आठांत असा एक दाखव, ज्याने अकरा माणसं पाण्यातून ओढून काढली. शेवंडी चोरून असो नाहीतर नसो."

क्रीडनने सँडविच खाली ठेवलं आणि छिन्नी उचलली.

"पण शेवंडी आमच्या होत्या," डिनी म्हणाला. आता आवाज बापड्याचा रडवेला झाला होता. "ब्याण्णव वर्षं आम्ही पदक सांभाळलं गं. दर शनिवारी पुसलं. पाटीवर आमचं काहीच नाही?"

मॉर्टी त्याच्या शेजारी उभा होता. त्याने घसा साफ केला. "क्रीडन, कंसाच्या खाली हातभर जागा आहे ना?"

"आहे."

"मग तेही लिही. कुणाच्या होत्या ते."

डिनीने वळून त्याच्याकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एका पोस्टवाल्याच्या पाठीवर थाप मारली. मॉर्टी दोन पावलं पुढे ढकलला गेला.

"आधी भट्टीवाले," डिनी म्हणाला. "मग पोस्टवाले."

"इंग्रजी वर्णानुक्रमे," मॉर्टी म्हणाला, आणि तोही तेच म्हणतो आहे हे डिनीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

*

तीन वाजता मार्लीनने पडदा ओढला. पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं, चष्मा पुसला, आणि नववी ओळ मोठ्याने वाचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं:

कॉर्नेलियस टूमी (टेकडीवाले)
समुद्रातून अकरा जीव वाचवले.
शेवंडी भट्टीवाल्यांच्या आणि पोस्टवाल्यांच्या होत्या.

हॉल हसण्याने दणाणला. ॲबीने पदक मार्लीनच्या कोटाला टाचलं. दर नाताळला हसणारी ही बाई आता मात्र ढसाढसा रडायला लागली. आपल्या आजोबांना गावाने माफ केलं का, असं ती नाक पुसत ज्याला त्याला विचारत सुटली. "पाटीवर घेतलं ना," पेग म्हणाली, "माफीचं कुणी बोललं नाही." चारच्या सुमारास डिनी कोपऱ्यात सात-आठ जणांना जमवून नवी गोष्ट सांगत होता. त्या गोष्टीत शेवंडी हाताएवढ्या झाल्या होत्या, आणि मोठ्या होत्या त्या सगळ्या भट्टीवाल्यांच्या पिंजऱ्यातल्या. भावाची काळजी करायचं कारण उरलं नाही, हे ॲबीला तिथेच कळलं.

ती रिकामा डबा घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर आली. डबा इतका हलका लागेल असं तिला वाटलं नव्हतं. एवढ्याशा पदकासाठी, जे आपलं नव्हतंच, त्याच्यासाठी. तिला वडिलांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग दोन्ही रागांचा कंटाळा आला.

मॉर्टी पायरीशी उभा होता. टोपी हातात.

"मी विचार करत होतो," तो टोपीकडे बघत म्हणाला. "तुझे वडील म्हणाले होते ना, पोस्टवाल्यांच्या घरात चहासुद्धा प्यायचा नाही."

"म्हणाले होते."

"ते पदकावरून."

"पदकावरूनच."

"आता ते पदक चाललं ब्यूटला." त्याने टोपी एकदा पूर्ण फिरवली. "तर म्हटलं, घरी चहाला येतेस का?"

ॲबीचं तोंड आपोआप उघडलं. 'नको नको' जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं, पासष्ट वर्षांच्या सवयीने. तिने ते तिथेच अडवलं.

"हो," ती म्हणाली. "येते."

पण मॉर्टीही किलवाऱ्याचाच. पहिल्या हाकेला कुणी हो म्हणेल याची त्याने तयारीच केली नव्हती. आज तो बाकीचं सगळं घोकून आला होता. "नाही, खरंच ये," तो तसाच पुढे बोलत सुटला. "त्रास कसला आलाय, किटली चुलीवरच असते. घरी फळांचा ब्रेडही आहे. आणि हे बघ, या वेळी तू कितीही वेळा नको म्हण, मी विचारत राहणार आहे. त्या वेळी फाटकापाशी मी एकदाच विचारून निघून गेलो, आणि त्यानंतर रोज..."

"मॉर्टी," ॲबी म्हणाली, "मी हो म्हटलंय."

तो थांबला. तोंड थोडं उघडंच राहिलं.

"केव्हा?"

"आत्ताच. पण तू बोल पुढचं," ती डबा त्याच्या हातात देत म्हणाली. "बेचाळीस वर्षं थांबलेय मी ते ऐकायला. चालता चालता बोल."